वाचकांचे प्रश्न: आभाळ भरून आलंय आणि कापूस फुटलाय

या खेपेला आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा विषय एकच आहे: कापूस वेचणीला आला आणि नेमकं तेव्हाच हवामान फिरलं. माझी हयात जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यात, कापसाची प्रत ठरवण्यात गेली, आणि माहेरी-सासरी दोन्हीकडे कापूसच. त्यामुळे माझी उत्तरं थोडी तिरकी, प्रतवारीच्या टेबलावरून दिल्यासारखी वाटतील. वावरात काय घडलं ते मला कापूस हातात घेतल्यावर कळायचं, आणि तेव्हा सांगून उपयोग नसायचा. आता सांगून घेते.

काकू, आमची एकत्र शेती आहे. निम्म्याच्या वर बोंडं फुटली आहेत. मधे एक जोरदार सर येऊन गेली आणि अजून पाऊस सांगितला आहे. सासरे म्हणतात, ओला तर ओला, घरात आला तो आपला. हे म्हणतात, उघडीप मिळेपर्यंत हात लावायचा नाही. रोज सकाळी याच्यावरून चहा कडू होतो. मी कोणाची बाजू घेऊ?

आधी बाजू बाजूला ठेवा आणि घरात कोरडी, झाकलेली जमीन किती आहे ते मोजा. पडवी, माळवद, रिकामी खोली, वाहन ठेवायची शेड, सगळं धरून. ओला कापूस वीतभरापेक्षा कमी थरात पसरला तर ती जागा किती कापूस घेईल? तेवढाच ओला वेचायचा, त्याच्यावर एक झोळीही नाही. सासरे बरोबर की यजमान, याचा निकाल त्या जमिनीवर लागतो. ओला कापूस वेचून ढीग मारणं हे झाडावर भिजत ठेवण्यापेक्षा वाईट आहे. झाडावर निदान वारा तरी लागतो.

आता जरा सविस्तर, कारण हा प्रश्न निम्म्या पत्रांत आहे.

कापूस भिजला की गेला, असं नाही. कोऱ्या धाग्यावर मेणाचा अगदी पातळ थर असतो. विश्वास बसत नसेल तर बोंडातला चिमूटभर कापूस पाण्याच्या भांड्यात टाकून पाहा, बराच वेळ तरंगत राहतो. शिवाय ओला धागा कोरड्यापेक्षा जास्त ताण सोसतो. म्हणजे एका सरीने धाग्याचं फार बिघडत नाही. फुललेलं बोंड चापून बसतं, केविलवाणं दिसतं, पण ऊन आणि वारा मिळाला की पुन्हा फुलतं. नुकसान करते ती ओल टिकून राहिल्यावर येणारी बुरशी. ती धाग्याचा सेल्युलोजच खाते. आधी पांढऱ्यावर करडी झाक येते, मग ठिपके, आणि शेवटी धागा कमजोर होतो. आम्ही टेबलावर कापसाची बारीक चिमूट घेऊन दोन्ही अंगठ्यांमध्ये धागे सरळ करायचो आणि कानाजवळ नेऊन ताणायचो. चांगला धागा तुटताना टचकन आवाज देतो. पावसात दिवसेंदिवस उभा राहिलेला कापूस मुकाट तुटतो. हे घरीही करून पाहता येईल. एका हातात वादळाआधीचा कापूस, दुसऱ्या हातात नंतरचा. सासऱ्यांना आणि यजमानांना दोघांनाही ऐकवा.

आणखी एक. सगळी बोंडं सारखी भिजत नाहीत. पूर्ण उमललेलं बोंड लवकर भिजतं आणि लवकर वाळतं. हिरवं, बंद बोंड पावसाला बऱ्यापैकी दाद देत नाही, अळीने भोक पाडलेलं नसेल तर. खरा धोका मधल्याला असतो, नुकतीच चीर पडलेल्या बोंडाला. त्या फटीतून पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट नसते. त्याच्या आतल्या कापसाच्या पाकळ्या चिकटून कडक होतात आणि मग ती कवडी होते. ती उमलत नाही, ओढली तर बोंडाच्या टरफलासकट तुटून येते. अशी बोंडं वाचवायला आपल्या हातात फारसं काही नसतं. म्हणून पाऊस सांगितला असेल तर जे पूर्ण फुटलंय आणि आज कोरडं आहे ते आधी काढा. अर्धवट फुटलेलं ओरबाडून काढू नका. गडबडीत माणसं नेमकं उलट करतात, जवळचं झाड पूर्ण रिकामं करत पुढे जातात. चार तासांत दोन ओळी लख्ख होतात आणि बाकी वावरातला पांढराशुभ्र माल रात्री भिजतो.

तेव्हा तुमच्या घरचा तोडगा असा. पाऊस यायच्या आधी सासऱ्यांचं ऐका, सगळे मिळून उमललेला कोरडा कापूस काढा. एक सर येऊन गेली आणि पुढे ऊन दिसतंय, तर यजमानांचं ऐका, झाडावरच वाळू द्या. आणि झड लागणार, चार-सहा दिवस सूर्य दिसणार नाही अशी लक्षणं असतील तर पुन्हा सासऱ्यांचं, पण जमिनीच्या मापाने. यात दोघांपैकी कोणी हरत नाही, हेही चहाच्या वेळी कामाला येईल.

वेचताना खालच्या फांद्यांपासून वर जा. वरून सुरुवात केली की वाळलेली पानं आणि बोंडाखालच्या पात्यांचा चुरा खालच्या उमललेल्या कापसावर पडतो, आणि ओल्या कापसाला चिकटलेला चुरा नंतर निघत नाही. हिरवं पान ओल्या कापसात दाबलं गेलं तर त्याचा रसही उतरतो, तो डाग राहतोच. डोक्याला सुती फडकं बांधा, केस गळून कापसात येतात. झोळी आणि गाठोडी सुतीच असू द्यात. खताच्या किंवा प्लास्टिकच्या विणलेल्या पोत्याचे धागे सुटतात, आणि ते पुढे सुतात जाऊन कापड रंगवल्यावर उघडे पडतात. तिथून बोंब उलटी येते ती थेट शेतकऱ्यापर्यंत.

ओला कापूस खोलीत भरून ठेवला होता. आता हात घातला तर आत गरम लागतं आणि कुबट वास येतो. काही सरकीला मोड आलेत. हा सगळा फेकायचा का? सरकी गाईला चालेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही. कुबट सरकीवर ॲस्परजिलस नावाची बुरशी असू शकते आणि ती अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. ते गाईच्या पोटातून दुधात उतरतं, आणि दूध उकळलं म्हणून ते जात नाही. ते दूध तुमच्याच घरात लहान मूल पिणार. या बाबतीत काटकसर करू नका.

आता ढीग. तो आत्ताच मोडा, पत्र पूर्ण वाचायच्या आधी मोडला तरी चालेल. ओल्या सरकीचा श्वास सुरू असतो आणि बुरशीचाही. त्यातून निघणारी उष्णता ढिगात कोंडते. मोठ्या गंजीत आतलं तापमान पहिल्या आठवड्यात झपाट्याने चढत असेल, किंवा ४३ अंश सेल्सियसच्या वर गेलं असेल, तर ती गंजी थांबवून ठेवायची नाही, लगेच जिनिंगला न्यायची, असा यंत्राने वेचणी करणाऱ्या मोठ्या शेतांवरचा नियम आहे. आपल्याकडे तापमान मोजायचा काटा नसेल तर लोखंडी सळई ढिगात मध्यापर्यंत खुपसून ठेवायची, थोड्या वेळाने काढून मुठीत धरायची. चटका बसला तर उशीर झालाच आहे. कोमट लागली तरी ढीग मोडायचा.

मोडताना तीन वाटण्या करा. कडेचा, जो थंड आणि पांढरा आहे. मधला, जो गरम आहे पण रंग धरून आहे. आणि तळाचा, जो पिवळा पडलाय किंवा ज्याच्यात मोड दिसतात. शेवटचा हिस्सा पुन्हा चांगल्यात जाता कामा नये. मला टेबलावर सगळ्यात जास्त हळहळ याची वाटायची. एका पोत्यात वरच्या हातभर थरात उत्तम कापूस आणि खाली पिवळा. प्रतवारी करणारा मधून हात घालतो, त्याला पिवळा लागतो आणि अख्खं पोतं पिवळ्याच्या भावाने जातं. मिसळून खराब माल खपत नाही, चांगला माल बुडतो.

वाळवायला स्वच्छ कापड किंवा ताडपत्री घ्या. नुसत्या जमिनीवर टाकू नका, माती चिकटते आणि खालून ओल येते. पातळ थर, आणि दिवसातून वरचेवर खालवर करणं. रात्री दव पडण्याआधी गोळा करून झाका, पण घट्ट बांधू नका. पंखा असेल तर खोलीत लावा, वारा उन्हाइतकाच उपयोगी आहे. घाई म्हणून शेकोटी किंवा चुलीजवळ मात्र नेऊ नका. कापूस पेट घेतो तेव्हा ओरडायलाही वेळ देत नाही, आणि धूर बसलेला कापूस वासावरूनच परत येतो.

वाळला की नाही हे कसं ओळखायचं? वरचा कापूस हाताला कोरडा लागतो त्यावर विसंबू नका, ओल सरकीत दडलेली असते. चांगल्या ढिगातली सरकी दाताखाली धरा. कट्कन फुटली तर ओल साधारण १२ टक्क्यांच्या आत आलीय, साठवायला हरकत नाही. चेंगरली, दबली पण फुटली नाही, तर अजून ऊन हवंय. आणि ओला कापूस काट्यावर जास्त भरतो, तर असाच नेऊन टाकावा असा विचार कोणी केला असेल, तर जिनिंगमध्ये बसलेला माणूस हेच दात घेऊन बसलेला असतो.

आत्याबाई, आम्ही यंदा वेचणीचं यंत्र भाड्याने बोलावलं आहे. पाऊस थांबला की लगेच लावू का? दिवस मोजून घेतलेत, यंत्र पुढच्या गावाला जाणार आहे.

यंत्राच्या मालकाची घाई ही तुमची घाई नव्हे, हे त्याला तुम्हीच सांगायला हवं. फिरत्या चात्यांवर कापूस गुंडाळून घेणारं यंत्र असेल तर ओला कापूस चातीला पिळा मारून बसतो, निघत नाही, आणि निघाला तर दोरीसारखा निघतो. ती गुंडाळी जिनिंगमध्ये सुटत नाही, तिथे गाठी होतात. इथेही मर्यादा तीच, १२ टक्क्यांच्या आत ओल. सकाळी दव उडाल्यावर सुरू करायचं आणि संध्याकाळी हवा जड व्हायला लागली की बंद.

पानं गळवण्याचं औषध मारलं असेल तर बघा, ते साधारण ६० टक्के बोंडं फुटल्यावर मारतात. त्याआधी मारलं असेल तर वरची बोंडं कच्चीच राहिली असणार, त्यांची तक्रार आता यंत्राकडे करून उपयोग नाही.

दुसरं म्हणजे जमीन. पायाला चिखल लागतोय तोवर यंत्र आत घालू नका. ते वजन ओल्या मातीला असं दाबतं की पुढच्या पिकाची मुळं तिथे अडतात. एक-दोन दिवसांचा कापूस वाचवायला जाऊन पुढच्या हंगामाची जमीन घट्ट करून ठेवायची, हा सौदा मला कधीच पटला नाही. वाफसा येऊ द्या.

आमच्याकडे उलटी तऱ्हा. पाऊस नाही, पण गरम कोरडा वारा सुटलाय. सगळी बोंडं एकदम फुटली. हे बरंच झालं ना?

निम्मं बरं. झपाट्याने फुटलेली बोंडं नीट तपासा. झाडाला पाणी कमी पडून बोंड वेळेआधी उघडलं असेल तर धागा अपक्व राहतो, हलका, पातळ, लवकर गाठी धरणारा. अशी बोंडं बहुधा शेंड्याकडची आणि आकाराने लहान असतात. ती वेगळी वेचा. खालच्या मोठ्या बोंडांचा माल वेगळा.

दुसरी अडचण कचऱ्याची. दुपारच्या वाऱ्यात पानं इतकी कुरकुरीत होतात की हात लागताच त्यांची भुकटी होते, आणि ती भुकटी धाग्यात शिरली की जिनिंगची यंत्रंही ती पूर्ण काढू शकत नाहीत. म्हणून कोरड्या हवेत सकाळी लवकर वेचा, दव नुकतं उडालेलं असताना. पान जरा नरम असतं, तुटत नाही. दुपारी वेचणाऱ्यांना सावलीत बसवा. त्यांच्यासाठी तर हे करायचंच, पण कापसासाठीही करा.

आणि पावसाला सरसकट शिव्या देऊ नका, हे इथेच सांगते. पांढरी माशी किंवा मावा झाला असेल तर त्यांचा चिकटा कापसावर बसतो. तो सूतगिरणीत यंत्राला लागतो आणि सगळं काम अडतं. कोरड्या हवेत तो तसाच राहतो. एखादी हलकी सर आली तर धुऊन जातो. तुमच्याकडे बोटांना चिकट लागत असेल तर आभाळाकडे जरा आशेने बघायला हरकत नाही.

मी नववीत आहे. सुट्टीच्या दिवशी घरच्यांसोबत वेचायला जाते. ढग गडगडायला लागले तरी आजोबा म्हणतात, ही ओळ संपवू. किती वेळ थांबणं बरोबर आहे?

शून्य. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोहोचू शकते. ओळ सोडायची, गाठोडं सोडायचं आणि पक्क्या घरात किंवा काचा बंद असलेल्या गाडीत जायचं. शेतातल्या एकट्या झाडाखाली नाही, पत्र्याच्या उघड्या छपराखाली नाही, विहिरीच्या पंपाजवळ नाही. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर ३० मिनिटं बाहेर पडायचं नाही. आजोबांना हे पान वाचायला द्या. नाही ऐकलं तर सांगा, काकूंनी तुम्हाला नाव घेऊन विचारलंय.

वादळात निम्मा कापूस झाडावरून खाली पडला. चिखलात आहे. मजूर लावून उचलायचा का? आणि हिरव्या बोंडांचं काय, ती तोडून घरी वाळवली तर?

हिरव्या बोंडांपासून सुरू करते, तिथे आशा आहे. फुलापासून बोंड उघडायला हवेनुसार साधारण ४५ ते ६० दिवस लागतात. थंडी वाढली की आणखी जास्त. म्हणून अंदाज नको, बोंड कापून बघा. धारदार चाकू सहज आरपार गेला, आत पाणीदार गर आणि सरकीचं साल पांढरं, तर ते कच्चं आहे. तोडून काही मिळणार नाही. चाकूला अडखळायला झालं, धागे ओढले जातायत आणि सरकी तपकिरी झालीय, तर ते पक्कं आहे, फक्त उघडायचं बाकी आहे. ते झाडावरच राहू द्या. झाड मुळापासून कुजत असेल किंवा जनावरं शिरणार असतील तरच तोडा, आणि घरी फोडलेला तो माल वेगळ्या पोत्यात ठेवा. ज्या बोंडावर अळीचं भोक आहे ते मात्र घरात आणू नका. शेंदरी अळी सरकीत दडून महिनोन्‌महिने राहते आणि पुढच्या हंगामात तुमच्याच कोठीतून बाहेर पडते.

खाली पडलेल्याचं उत्तर कडवट आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये मायकेल नावाचं चक्रीवादळ अमेरिकेत जॉर्जियाच्या कापसावर नेमकं बोंडं फुटलेली असताना आलं. तिथे सगळं काम यंत्राने होतं, आणि यंत्राला जमिनीवर पडलेला कापूस उचलता येत नाही, त्यामुळे तो तसाच राहिला. आपल्याकडे हात आहेत, तेवढा फरक आहे. पण हातांनीही सगळा उचलायचा नाही. ओळींच्या मधल्या उंचवट्यावर, पानांच्या थरावर किंवा गवतावर पडलेला, पाणी न साचलेला कापूस पहिल्या एक-दोन दिवसांत उचला, झटका आणि वेगळा वाळवा. त्याला खालची प्रत मिळेल, पण मिळेल. चिखलात दबलेला, माती मुरलेला सोडा. तो धुऊन निघत नाही. धुतलाच तर धागे एकमेकांत गुंततात आणि जिनिंगवाला पोतं उघडताच नाक मुरडतो. त्यासाठी लावलेली मजुरी उरलेल्या चांगल्या बोंडांवर लावा.

पुढच्या वर्षी वारा जास्त असलेल्या कडेला लावायचं वाण निवडताना एवढं बघा, की उमलल्यावर पाकळ्या बोंडात घट्ट धरून राहतात का. टेक्सासच्या पठारावर अशाच वाणांवर भर दिला, कारण तिथे वारा थांबतच नाही. हाताने वेचायला ते जरा जड जातात, वेचणाऱ्या बायका कुरकुर करतील. बियाणं घ्यायच्या आधी त्यांना विचारा.